चाळिसाव्या ठोक्यानंतर

४ नोव्हेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, म्हणून वहीही नवीच. वर्षभर अंबाजोगाईला आईच्या हातचं खाल्लं आणि नातेवाइकांचे प्रश्न झेलले. पुण्यातला डबिंग स्टुडिओ बंद पडला तेव्हा वाटलं होतं, आवाज कापण्या-जोडण्याचं काम करणाऱ्या बाईला आता कोण विचारणार? विचारलं ते चाकणने.

खोली खालुंब्र्यात आहे, तळेगाव-चाकण रस्त्यापासून थोडी आत. घरमालकीण गोजाबाई सत्तरीच्या. पुढे त्यांचं कौलारू घर, मागे भाड्याच्या आठ खोल्यांची ओळ, शेजारी गोठा. जमीन एमआयडीसीत गेली तरी दोन म्हशी त्यांनी ठेवल्या आहेत. मी विचारलं तर म्हणाल्या, "जिमीन नेताना कुनी इचारलं न्हाई. म्हशींला मातुर हात लावून दाखवा म्हनलं." मला त्या फार आवडल्या.

ऑफिस म्हणजे एका बंद पडलेल्या प्रेस शॉपची शेड. लोखंडी पत्र्याला दाबून आकार देणारी मोठमोठी यंत्रं इथे होती. आता खाली सगळं रिकामं आणि वर माळ्यावर आमची काचेची केबिन. मालक शेखर सर पन्नाशीचे, बोलायला घाईचे, मनाने मोकळे वाटले. पूर्वी याच शेडमध्ये सुपरवायझर होते. कंपनी उठून गेल्यावर त्यांनी ही जागा भाड्याने घेतली आणि कामगारांना सुरक्षेचं शिक्षण देणारी फर्म काढली. नवा कामगार डोळ्यांवर चष्मा चढवतो, कानांवर हेडफोन लावतो आणि खऱ्या मशीनपुढे उभा राहण्याआधी खोट्या मशीनवर शिकतो. चष्म्यात दिसतं ते सुजित करतो. ऐकू येतं ते मी करायचं.

सुजित माझ्याच वयाचा, चिंचवडचा. मला सगळी शेड त्यानेच दाखवली. मधोमध फरशीत एक चौकोनी खड्डा आहे, त्याच्या कडेने अंगठ्याएवढे जाड बोल्ट गंजून उभे आहेत. सात नंबरची प्रेस इथे होती म्हणे.

९ नोव्हेंबर, शनिवार

पहिला आठवडा मजेत गेला. रोज सकाळी ट्रेलरांच्या मधून स्कूटी काढत बारा किलोमीटर. पोचले की चहा, मग हेडफोन.

प्रेसचा एक ठोका म्हणजे एक आवाज नसतो, हे मला इथे येऊन कळलं. आधी हवेचा फुस्स, मग आत काहीतरी धरल्याचा खट्, मग वरचा जडशीळ भाग खाली येतो त्याचा ढण्, आणि त्यामागून फरशीतून पायांत चढणारी एक थरथर. ती थरथर कानाला कळत नाही, पण ती काढली की ठोका खोटा वाटतो. हे चारही तुकडे वेगळे करायचे, साफ करायचे, पुन्हा एकावर एक रचायचे. हवेचा फुस्स नीट येईना म्हणून मी गोजाबाईंच्या कुकरची शिट्टी मोबाईलवर घेतली आणि चौपट संथ केली. सुजितला ओळखता आली नाही.

माझ्या शेजारच्या पाच नंबरच्या खोलीत मोनिका राहते, केजकडची. माझ्याच भागातली बाई इतक्या लांब भेटली याचा आनंद. सुट्या भागांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, पहिली शिफ्ट. काल जवसाची चटणी घेऊन आली आणि दारातच उभी राहून तासभर बोलली. तिच्या तोंडून 'करायले', 'चाल्ले' ऐकलं की आईशी बोलल्यासारखं वाटतं. एकटी राहते. नवऱ्याचं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज शेखर सरांनी मुख्य काम दिलं. चष्म्यातला सगळ्यात मोठा धडा सात नंबरच्या प्रेसचा आहे. दोन वर्षांपूर्वी इथे खरोखर एक अपघात झाला होता. कामगाराने स्वतःच्या चुकीने हात घातला, त्याचं उदाहरण करून दाखवायचं आहे. आवाजाची फाईल तयार आहे, माझ्या आधीच्या प्रीतम नावाच्या मुलाने रेकॉर्ड केलेली. ती फक्त साफ करायची.

फाईलमध्ये एकेचाळीस ठोके आहेत. शिकणाऱ्याने ठोक्याच्या लयीत बटण दाबत राहायचं. चाळीस ठोके सारख्या अंतराने येतात. चाळिसाव्यानंतर चार सेकंदांची फट, मग एकेचाळिसावा. त्या फटीत कुणीतरी श्वास घेतल्यासारखं आहे. रेकॉर्डिंग करणाऱ्याचाच असेल. कापला आणि दोन्ही बाजू जुळवून टाकल्या.

सर केबिनमध्येच होते. फाईल लावताच फोन आल्यासारखं करून खाली उतरले. फोन वाजला नव्हता.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

श्वास परत आला आहे. चार सेकंदांची फट जशीच्या तशी. मी सेव्ह करायला विसरले असेन. पुन्हा कापला, या वेळी नव्या नावाने ठेवला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

चौथ्यांदा. आता हे विसरणं नाही.

आज मी उलटं केलं. तो आवाज काढून टाकण्याऐवजी बाकीचं सगळं काढलं. शेडची घरघर, पंख्याचा आवाज, लांबच्या रस्त्यावरचे हॉर्न, एकेक थर सोलत गेले. शेवटी जे उरलं ते मोठं करून ऐकलं.

माणूस बोलतो आहे. "थांबा सायेब, हात हाय मधी."

'मधी' म्हणताना शेवटचा स्वर लांबवलेला. आमच्याकडचा माणूस आहे. मी हेडफोन काढले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. सुजित समोर डबा खात होता. त्याला ऐकवलं. तो म्हणाला, काहीतरी आहे खरं, पण तू सांगितलंस म्हणून शब्द वाटतात. मग म्हणाला, "सरांना नको विचारूस राव. प्रीतमने विचारलं होतं."

पुढचं त्याने सांगितलं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

त्या वाक्याच्या आधी आणखी एक आवाज आहे, माइकपासून लांब. "काढ, काढ, लवकर काढ."

हा आवाज सोलून काढायची गरज पडली नाही. तो मी रोज ऐकते. शेखर सरांचा आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आठवड्याची सुट्टी. डोकं शांत व्हावं म्हणून घरीच बसले. गोजाबाईंकडे डाळ शिजत होती, कुकरची शिट्टी पुन्हा नीट घ्यावी म्हणून मोबाईल ओट्यावर ठेवला. दोन शिट्ट्या घेतल्या. खोलीत येऊन ऐकल्या.

दोन शिट्ट्यांच्या मध्ये तो आहे. "थांबा सायेब, हात हाय मधी."

चाकणमध्ये नाही, शेडमध्ये नाही. गोजाबाईंच्या स्वयंपाकघरात, माझ्या स्वतःच्या मोबाईलवर.

मी परत त्यांच्याकडे गेले आणि त्या शेडमध्ये कोण गेलं ते विचारलं. त्यांनी गॅस बंद केला, हात पदराला पुसले. म्हणाल्या, "नवनाथ. बीडचा पोरगा. आमच्याच खोलीत ऱ्हायाचा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, की कंपनीने लिहून दिलं, तवा कुनी नव्हतं तिथं, त्याचा त्यानंच पायानं पेडल चुकून दाबलं. बायकोला तेच सांगितलं. गावी तिच्या सासूलाही तेच सांगितलं. सासू अजून विचारते, एवढा हुशार माणूस असा हात कसा घालील.

कुठल्या खोलीत राहायचा, हे मी विचारायला नको होतं. गोजाबाई म्हणाल्या, "पाच नंबर. ऱ्हाती की ती अजून."

भिंतीपलीकडे मोनिका भांडी घासत होती.

३ डिसेंबर, मंगळवार

शेखर सरांनी आज दार लावून घेतलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, सतरा तारखेला एका मोठ्या कंपनीचे लोक धडा बघायला येणार आहेत. ती फाईल त्याआधी साफ पाहिजे. मी म्हटलं, ती साफ होत नाही. ते म्हणाले, "प्रीतमने केली होती. चार महिने स्वच्छ होती. परत बिघडली, तो त्याचा प्रॉब्लेम. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मॅडम. अंबाजोगाईची गाडी रोज असते."

ते माझ्याकडे बघत नव्हते. काचेतून खाली त्या खड्ड्याकडे बघत होते. मला एक क्षण दया आली, हे लिहून ठेवते.

संध्याकाळभर विचार केला. शेवटी असं ठरवलं: मूळ फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची, ती मोनिकाला द्यायची. आणि ऑफिसची फाईल साफ करायची. म्हणजे नोकरीही राहील आणि तिलाही खरं कळेल. सगळ्यांचंच भलं.

४ डिसेंबर, बुधवार

जमलं.

नुसता कापून उपयोग नव्हता. कापलेल्या जागी त्याच जागेची शांतता भरावी लागते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, दुसरीकडची आणून भरली तर कानाला ठिगळ कळतं. म्हणून दुपारी चारला मी माइक घेऊन खाली उतरले. खड्ड्याच्या कडेला उभी राहिले आणि अर्धा मिनिट काही न बोलता, न हलता रेकॉर्ड केलं. त्यातले चार सेकंद त्याच्या बोलण्यावर चढवले.

तीनदा बंद करून उघडलं. तिथे आता फक्त शांतता आहे. नीट ऐकलं तर माझा श्वास आहे, अगदी बारीक.

शेखर सर पहिल्यांदाच हेडफोन लावून बसले. एकेचाळीस ठोके डोळे मिटून ऐकले. मग डोळे पुसले आणि खाली जाऊन सगळ्यांसाठी पेढे आणले.

६ डिसेंबर, शुक्रवार

पेनड्राइव्हवरची प्रतसुद्धा साफ झाली आहे.

त्या प्रतीला मी हातही लावला नव्हता. मोबाईलवरचा कुकरही साफ. सोलून ठेवलेला तो एकटा आवाजही. जिथे जिथे तो होता तिथे चार सेकंद शांतता आणि माझा श्वास.

मोनिकाला द्यायला माझ्याकडे आता काहीच नाही.

८ डिसेंबर, रविवार

तरीही गेले. चार वाजता ती शिफ्टवरून आली, तोंड धुऊन चहा टाकत होती. मी सगळं सांगितलं. फाईल, आवाज, दुसरा आवाज कुणाचा तेही. माझ्या हाताने तो पुसला गेला, हे सांगायला जीभ रेटेना, पण तेही सांगितलं.

ती रडली नाही. गॅस बारीक केला. म्हणाली, "ऐकू नगा येऊ द्या. तुमी ऐकलंय ना? मंग तुमीच सांगा. काय मन्ला त्यो?"

मी तोंड उघडलं. "सायेब, हात हाय मधी," एवढंच बाहेर आलं. पहिला शब्द आला नाही.

घसा बसला असेल म्हणून पाणी प्यायले. पुन्हा तेच. ओठ हलतात, श्वास येतो, आणि त्या शब्दाच्या जागी काहीच नाही. तिच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला गेले तर पेन नुसतं सरळ गेलं, रेघ ओढत. या वहीत वर, बावीस नोव्हेंबरच्या पानावर मीच तो शब्द लिहिलाय. बघितला. अक्षरं दिसतात. वाचता येत नाहीत.

मोनिकाने कॅलेंडर परत भिंतीला लावलं. मग म्हणाली, "मंजे साहेबाला त्यानं अडवलं न्हाई. नुस्तं सांगितलं."

मी मानेने नाही नाही करत राहिले. तिने दोन कप खाली ठेवले आणि पाठ फिरवून बसली.

१२ डिसेंबर, गुरुवार

तळेगाव दाभाड्याला प्रीतमच्या घरी गेले. सुजितने पत्ता दिला. स्टेशनच्या अलीकडे, रस्त्यालगत दुसऱ्या मजल्यावर. दारात एक लहान सायकल होती, मागे दोन छोटी चाकं लावलेली.

तो बोलताना मध्येच अडखळतो, एक शब्द गाळून पुढे जातो. कुठला ते मला लगेच कळलं. त्यालाही माझं कळलं असावं. त्याने बायकोला आत जायला सांगितलं.

त्याने जे सांगितलं ते असं. त्याने शेडमध्ये कुठलीही प्रेस रेकॉर्ड केली नव्हती. तो आला तेव्हा मशीन भंगारात जाऊन सहा महिने झाले होते. त्याने रिकाम्या शेडची शांतता घ्यायला माइक ठेवला आणि घरी येऊन ऐकलं तर एकेचाळीस ठोके. मग त्यानेही तेच केलं. खड्ड्यापाशी उभा राहिला, स्वतःची शांतता त्यात भरली. साफ झालं.

चार महिन्यांनी, सकाळी दहा वाजता, त्याची चार वर्षांची मुलगी त्याचा हात सोडून रस्त्याकडे पळाली. समोरून डंपर येत होता. ती दहा पावलांवर होती. हाक मारली असती तर वळली असती, रोज वळायची.

"मी तोंड उघडलं," प्रीतम म्हणाला. "तिचं नाव नाही, आई नाही, देवा नाही, अशा वेळी माणसाच्या तोंडात एकच शब्द येतो. तोच नव्हता."

भिंतीवर फोटो होता. मी आल्यापासून तिकडे बघणं टाळत होते.

हिंदीतून, इंग्रजीतून बोलून पाहिलंस का, असं मी विचारलं. म्हणाला, शब्द नाही जात, त्याचा अर्थच जातो. कुठल्याच भाषेत सापडत नाही. मग म्हणाला, की मुलगी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी फाईलमध्ये नवनाथ परत बोलायला लागला होता. जणू त्याची जागा रिकामी झाली.

निघताना त्याने माझ्या जवळ कोण कोण आहे ते विचारलं. मी सांगितलं नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आईला फोन केला, रस्ता ओलांडताना जपून असं सांगितलं. ती हसली.

गोजाबाई म्हशी सोडतात तेव्हा मी दारात उभी राहते. बघत राहते. ओरडायची वेळ आली तर काय करायचं याचा विचार करते. धावायचं. काहीतरी फेकायचं. टाळी वाजवायची. हात पाय आहेत मला. फक्त एक शब्द नाही.

फाईल पुन्हा पूर्ववत करून पाहिली. माझे चार सेकंद उचलून टाकले. परत उघडली. मी तिथेच आहे. श्वास घेत.

१४ डिसेंबर, शनिवार

शेडमध्ये खरी प्रेस आली. जुनी, लहान, कुठल्यातरी बंद युनिटमधून उचललेली. पाहुण्यांना आधी चष्म्यात दाखवायचं, मग खरं. ती त्याच खड्ड्यावर बसवली. त्याच बोल्टांत.

या मशीनला दोन बटणं आहेत, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच चालते, म्हणजे हात आत राहूच नयेत. शेखर सरांनी एक बटण टेपने दाबून ठेवायला लावलं. सुजितला चष्मा सावरायला एक हात मोकळा पाहिजे म्हणे.

सुजितला मी कागदावर सगळं लिहून दिलं. शब्दाच्या जागी रेघ. त्याने दोनदा वाचलं. हसला नाही. म्हणाला, सतरा तारीख होऊ दे, मग दोघंही ही नोकरी सोडू.

मी त्याला सोमवारीच सोडू असं म्हणायला हवं होतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

घडलं तसं लिहिते.

पाहुणे बाराला येणार होते. अकराला तालीम. सुजित मशीनपुढे, डोळ्यांवर चष्मा, कानांत माझी फाईल, उजवा हात खऱ्या बटणावर. ठोक्याच्या लयीत दाबायचं. शेखर सर समोरून चिमट्याने पत्र्याचे तुकडे ठेवत होते, काढत होते. मी माइक घेऊन पाच पावलांवर.

एकोणचाळीस तुकडे नीट निघाले. चाळिसावा अडकला.

सरांनी चिमटा टाकला. हात घातला. कोपरापर्यंत.

त्यांना वाटलं सुजित बघतोय. सुजितला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. त्याच्या कानांत तेव्हा चार सेकंद शांतता होती. माझी. तिथे नवनाथ असता, मी त्याला तिथे राहू दिलं असतं, तर सुजितने ऐकलं असतं. हात हाय मधी. बटण सोडलं असतं त्याने.

सरांना कळलं, पण बाही पत्र्यात अडकली होती. माझ्याकडे बघून ओरडले. —— स्वरूपा, —— त्याला, हात आहे.

चार सेकंद.

एकेचाळिसावा.

१८ डिसेंबर, बुधवार

सर गेले. गाडी चाकण चौकात चाळीस मिनिटं अडकली होती. सायरन चालू होता. कुणी बाजू देईना.

सुजितला पोलिसांनी काल दुपारीच नेलं. बटण त्याने दाबलं, बरोबर आहे. तो कानांवर हात ठेवून बसतो म्हणे.

सकाळी सरांचे धाकटे भाऊ मालोजी यांचा फोन आला. रडत होते. मग म्हणाले, काल माइक चालू होता ना? त्यातलं दादांचं ओरडणं काढा. पोरगा बेफिकीर होता एवढं दिसलं म्हणजे झालं. दादा कुणाला बोल लावून गेले असं नको. म्हणाले, नोकरी तुमचीच आहे.

फाईल उघडली, जुनी. प्रीतम म्हणाला तसंच. नवनाथ परत आलाय. सगळ्या प्रतींत. स्वच्छ, जवळून, जणू खोलीतच.

मोनिकाला बोलावून ऐकवलं. तिने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तिचे ओठ त्याच्याबरोबर हलले. तिला तो शब्द म्हणता आला. मला तिच्या तोंडून ऐकूही आला नाही.

हेडफोन खाली ठेवून तिने एवढंच विचारलं, "हे तुमाला कधीपासून ठाऊक व्हतं, ताई?"

मी तारीख सांगितली. अठ्ठावीस नोव्हेंबर.

"आन् पुसलं कधी?"

चार डिसेंबर.

तिने बोटांवर दिवस मोजले. उठली. पाचव्या खोलीची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

१९ डिसेंबर, गुरुवार

परवाचं रेकॉर्डिंग ऐकलं. सरांचं ओरडणं आहे. त्यानंतर चार सेकंद. त्यात कुणीतरी श्वास घेतंय. संथ. घाबरलेल्या माणसाचा श्वास असा नसतो.

मी पाच पावलांवर होते. शब्द नव्हता, पण पाय होते. हातात माइक होता, लोखंडी स्टँडसकट. सुजितच्या पाठीत मारता आला असता. टेप ओढता आली असती. मेन स्विच माझ्या डाव्या हाताला होता. डाव्या हाताला. हात लांबवला असता तर —

पुन्हा ऐकलं. सातदा.

घाबरून थिजले असं म्हणता येईल. कुणीही मान्य करील. पण मला आठवतं मी काय विचार करत होते. सर माझ्याकडे बघत होते आणि मला आठवत होतं — काढ, काढ, लवकर —

चौकीतून बोलावणं आलंय. गोजाबाई बरोबर येते म्हणाल्या, चप्पल घालून ओट्यावर बसल्यात. त्यांच्या शेजारी सुजितची आई. सकाळपासून बसलीय. काही मागत नाही. दार उघडलं की मान वर करते. बस्स.

मालोजींचा परत फोन. घेतला नाही.

जबाब आधी इथे लिहून बघते, म्हणजे तिथे जीभ अडखळणार नाही. ते विचारतील, तुम्ही कुठे होता. पाच पावलांवर. काय पाहिलं. सगळं. सुजितला दिसत होतं का. नाही. ऐकू येत होतं का. नाही, ते मी — ते माझ्यामुळे. त्यांनी तुम्हाला हाक मारली का. हो. नाव घेऊन. मग तुमच्याकडे किती वेळ होता. चार सेकंद. आणि त्या चार सेकंदांत तुम्ही काय केलं.

त्या चार सेकंदांत मी —